कल्हईची मुदत

घरातले एखादे यंत्र बिघडले, की घरातली सारी माणसे एका क्षणात वैद्य होतात. पंखा फिरेनासा झाला, तर 'कॉइल गेली' असे सांगण्यासाठी कोणाला पंखा उघडून पाहावा लागत नाही. रेडिओ खरखरू लागला, तर त्याच्या पाठीत एक चापट द्यावी, म्हणजे तो सुधारतो, अशी श्रद्धा असलेले सद्गृहस्थ आमच्या जुन्या चाळीत निदान तिघे तरी होते. लॅपटॉपला मात्र अशी चापट देण्याचे धाडस कोणी करीत नाही. त्याच्या बाबतीत सर्वांचे निदान एकच असते आणि तेच औषधही असते : 'टाकून द्या, नवा घ्या.'

माझ्या थोरल्या बंधूंच्या लॅपटॉपच्या वाट्याला हेच निदान आले. दादा इमारतींचे आराखडे काढीत. २०१२ साली त्यांनी चांगला विटेसारखा जाडजूड आणि वजनदार लॅपटॉप घेतला. त्यात चित्रांचे अवजड काम करणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड होते. हा 'कार्ड' शब्द तसा फसवा आहे. टेबलावरच्या मोठ्या संगणकात ते खरोखरच खोचलेले असते आणि उपसून बदलता येते. लॅपटॉपमध्ये ती बहुधा मदरबोर्डावर कायमची डाखलेली एक चौकोनी चिप असते. पत्ता समजून ओढायला जावे, तर तो भिंतीतला दगड निघावा, तशातला प्रकार.

२०१८ साली आमचे कोकणातले घर रस्त्याच्या रुंदीकरणात गेले. दादांनी ते आठवणीतून त्या लॅपटॉपमध्ये पुन्हा बांधले. ओटी, पडवी, माजघर, न्हाणीचा दगड, इतकेच काय, पण माळ्याच्या शिडीची मोडलेली तिसरी पायरीदेखील त्यात होती. २०२१ साली दादा गेले. तेव्हापासून संध्याकाळी दिवा लावून झाला, की वहिनी तो लॅपटॉप उघडीत आणि बोटाने चित्र फिरवीत फिरवीत त्या घरातून एक चक्कर मारून येत.

गेल्या वर्षी नवरात्रात एका संध्याकाळी त्या पडद्यावर ठिपके उमटले. अगदी रांगोळीचे ठिपके काढावेत तसे, एका ओळीत, सारख्या अंतराने. मग उभ्या रेघा आल्या, आणि मग काळोख.

"भाऊजी, घर गेलं हो," वहिनींचा फोन आला. कोणते घर, ते मला विचारावे लागले नाही.

पहिल्या दुकानदाराने यंत्र न उघडताच 'बोर्ड गेला' म्हणून सांगितले आणि नव्या लॅपटॉपांचे दरपत्रक पुढे केले. तेथून आम्ही बुधवार पेठेतल्या एका बोळात, जिन्याखालच्या अरुंद दुकानात गेलो. तिथला मुलगा फार तर पंचविशीचा असेल. तो म्हणाला, "काका, आधी फुकटचे प्रश्न विचारू. पैशांचे नंतर."

हे वाक्य मला इतके आवडले, की त्या मुलाचे प्रश्न मी पाठच करून टाकले. वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आला, तर त्यांनाही ते उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न : दोष पडद्याचा की चित्राचा? त्याने लॅपटॉपला बाहेरचा एक मॉनिटर जोडला. तिथे चित्र स्वच्छ दिसले असते, तर गुन्हेगार पडदा किंवा त्याची केबल ठरली असती आणि काम स्वस्तात भागले असते. पण तिथेही तेच ठिपके. दुसरा प्रश्न : दोष यंत्राचा की आज्ञावलीचा? विंडोज सुरू होण्याआधी यंत्राच्या मूळ मांडणीचे एक साधे पान उघडता येते. तिथे ड्रायव्हर नावाच्या मध्यस्थाचा हात पोचलेला नसतो. त्या पानावरही रेघा होत्या. मध्यस्थ निर्दोष सुटला. तिसरा प्रश्न रॅमचा. तिच्या दोन पट्ट्या त्याने आळीपाळीने काढून पाहिल्या, फरक नाही. मग त्याने पाठ उघडली. पंख्यात धुळीचा चक्क नमदा बसला होता, आणि चिपची उष्णता तांब्याच्या नळीकडे पोचवणारा लेप वाळून खडूसारखा झाला होता. धूळ काढली, लेप नवा दिला. ठिपके होते तसेच राहिले.

"आता खात्रीनं सांगतो," तो म्हणाला, "ग्राफिक्सची चिप गेली."

बऱ्याच लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसरच्या पोटात चित्रे दाखवणारा एक धाकटा कारागीर असतो. थोरला आजारी पडला, तर तो निदान पत्रव्यवहारापुरता संसार चालवतो. दादांच्या यंत्रात ती सोय नव्हती. सारा भार थोरल्यावर.

चिप जाते म्हणजे काय होते, हे त्याने बोटांनी दाखवले. सिलिकॉनचा नाजूक तुकडा खालच्या हिरव्या तळपट्टीवर कथलाच्या बारीक बारीक थेंबांनी बसवलेला असतो, आणि ती तळपट्टी पुन्हा थोड्या मोठ्या थेंबांनी मदरबोर्डावर. यंत्र तापले की सिलिकॉन थोडा फुगतो, खालची पट्टी त्याच्या कितीतरी पट फुगते. निवले की दोघे आपापल्या मापाने आकसतात. हजारो वेळा ही ओढाताण झाली, की एखादा थेंब तडकतो. पूर्वी डाखात कथलाबरोबर शिसेही असे. तो डाख १८३ अंशांवर वितळे आणि मऊ असे. शिसे विषारी म्हणून १ जुलै २००६ पासून युरोपने त्यावर बंधन घातले, आणि जगभरच्या कारखान्यांनी २१७ अंशांच्या आसपास वितळणारा बिनशिशाचा डाख पत्करला. नव्या धातूंशी जुळवून घेणे सर्वांनाच सोपे गेले नाही. २००८ च्या जुलैत तर चिपा बनवणाऱ्या एका बड्या कंपनीने, लॅपटॉपसाठीच्या आपल्या काही चिपांची बांधणी कच्ची निघाल्यामुळे, पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढून ठेवत असल्याचे जाहीर केले होते.

"गरम हवेनं चिप तापवली, तर तडकलेली टोकं पुन्हा टेकतात," मुलगा सांगत होता. "चित्र येईल. पण तो जोड नव्हे, नुसतं टेकणं. आठ दिवस टिकेल, दोन महिने टिकेल. सांगता येत नाही. खालचे मोठे थेंब बदलून देणारेही आहेत. पण आतले बारीक तडकले असतील, तर त्याचाही उपयोग नाही. चिपच बदलायची, तर या मॉडेलची नवी मिळत नाही. जुनी उपटलेली नवी म्हणून विकतात, ती मी बसवणार नाही."

काही लोक तर म्हणे सबंध बोर्ड काढून घरच्या ओव्हनमध्ये नानकटाईसारखा भाजून काढतात! कोणाच्या मनात तसे असेल, तर त्या ओव्हनमध्ये पुन्हा नानकटाई करू नये, एवढेच माझे सांगणे. ती वाफ पोटात जाण्याजोगी नसते.

मला आमच्या लहानपणचा कल्हईवाला आठवला. दिवाळीच्या आधी तो दारात भाता लावी. तापलेल्या पातेल्यावर नवसागर भुरभुरला, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाचा बोळा फिरवला, की आतून चांदणे पसरे. तो कधी म्हणाला नाही, की ही कल्हई जन्मभर टिकेल. उलट जाताना सांगे, "वहिनीबाई, आंबट ठेवू नका, वर्षानं येतो." त्याचे कामही कथलाचेच आणि आचेचेच होते; पण त्याला मुदत होती आणि ती तो स्वतःच सांगे. दुरुस्ती टिकाऊ असावी हे तर खरेच. पण टिकाऊ नसेल, तर ती किती दिवसांची आहे हे सांगणाऱ्यालाच मी कारागीर म्हणेन.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. आता त्यांनी विचारले, "चिप गेली म्हणजे आमचं घरही गेलं का?"

मुलगा हसला. "नाही हो काकू. चिप नुसती दाखवायचं काम करते. घर डिस्कवर आहे, ती निराळी. आधी डिस्क, मग आच."

त्याने डिस्क काढून एका छोट्या पेटीत बसवली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली. पडवी, माजघर, मोडकी पायरी, सारे जिथल्या तिथे होते. त्याच्या दोन प्रती झाल्यावरच त्याने गरम हवेचे यंत्र हाती घेतले. दादांच्या लॅपटॉपवर पुन्हा चित्र आले. पैसे देताना त्याने बजावले, "दिवाळी निघाली तर नशीब समजा."

दिवाळी निघाली. पाडव्याला वहिनींनी साऱ्या नातवंडांना त्या पडद्यावरून घरभर फिरवून आणले. पुतण्याने तोच आराखडा आपल्या नव्या यंत्रावर उघडून दिला आणि मोठ्या कागदावर छापूनही आणला.

तुळशीच्या लग्नानंतर एका संध्याकाळी ठिपके परत आले. मी समोरच बसलो होतो. वहिनी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी झाकण हलकेच मिटले, त्यावरून पदर फिरवला आणि म्हणाल्या, "सांगितलं होतं हो त्यानं." आणि चहा टाकायला उठल्या.