रंग मायने निवडावा

वऱ्हाडात गोधडीला वाकळ म्हणतात. बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून खेड्यात ती ‘वाकय’. बुलडाणा जिल्ह्यात घाटावरून घाटाखाली उतरले की बोलीचा सूर बदलतो, हवा बदलते. वाकळ मात्र दोन्हीकडे एकच. आमचा मुलूख कापसाचा, खामगावच्या कापूसबाजाराचे नाव दूरवर पोहोचलेले. तरी सामान्य घरातल्या अंथरुणात नवा कापूस क्वचितच पडे. गादी पिंजाऱ्याकडून भरून घ्यायची, तीही लेकीच्या लग्नात. रोजचे पांघरूण जुनेराचे: विरलेली लुगडी, फाटकी धोतरे, मुलांचे आखूड झालेले सदरे.

शेतीची कामे आटोपली की उन्हाळ्यात, मृग लागण्यापूर्वी, वाकळी शिवायला निघत. सारवलेल्या जमिनीवर अस्तराचे लुगडे अंथरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, त्यावर जुनेराचे थर लावायचे, सर्वांत वर त्यातल्या त्यात धड आणि देखणे लुगडे. लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन घालीत मध्याकडे सरकायचे. चार बाया चार बाजूंनी बसल्या तर दोन-तीन दुपारींत एक वाकळ उठे. या कामाला आपण काटकसर म्हणतो. काटकसर होतीच, पण हिरव्या काठाशेजारी कोणता तुकडा शोभेल, विरलेला भाग कोणत्या ठिगळाखाली झाकायचा, ओळी किती जवळ घ्यायच्या, हे सगळे त्या बाईच्या मनात ठरत असे. घरातल्या बहुतेक गोष्टी दुसरे कोणी ठरवीत. वाकळीचा वरचा पदर कसा दिसावा, हे तेवढे तिचे तिने ठरवायचे असे.

माझ्या मायने अशा किती वाकळी केल्या, याची मोजदाद नाही. ती लोणारजवळच्या एका खेड्यातली. लग्न होऊन मेहकरला आली. पुढे मिलचे ब्लँकेट आले, मग ते मऊ, फुलाफुलांचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळणारे ब्लँकेट आले, आणि वाकळी माळ्यावर गेल्या. 2017 साली वडील गेले. 2019च्या डिसेंबरात माय न्हाणीत घसरली आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, पण बोटे आखडली होती. फिजिओथेरपिस्टनी दाबायला मऊ चेंडू दिला. मायने तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाला खेळायला देऊन टाकला. “मी का लहान हाय?” एवढेच म्हणाली.

तिचे वय तेव्हा 78. स्वयंपाक सुनेकडे, देवपूजा माझ्याकडे, शेताचा हिशेब धाकट्या भावाकडे. खाणे-पिणे, औषध, सगळे वेळच्या वेळी हातात येत होते. ज्यांच्या घरी असे वृद्ध माणूस आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल: तक्रार काही नाही, आणि तरीही माणूस दिवसेंदिवस कमी बोलते, दुपारी झोपते, रात्री जागते. हाताचा प्रश्न होता, पण तेवढाच नव्हता.

वडिलांची ट्रंक आवरायला काढली तेव्हा त्यात सात पांढरी धोतरे निघाली. ती कोणाला द्यायची, याचा विचार चालू असताना माय जवळ आली, एकेक धोतर उजेडाकडे धरून पाहिले आणि म्हणाली, “याचं अस्तर होते. देऊ नका कोनाले.” फिजिओथेरपिस्टना विचारले. ते म्हणाले, चेंडूपेक्षा हे बरे. फक्त सलग फार वेळ नको आणि दुखले की थांबायचे.

इथून पुढचे काही तपशील मुद्दाम सांगतो, कारण असे काम घरात सुरू करायचे म्हटले की अडचणी याच येतात. जमिनीवर बसून शिवणे गुडघ्यांना जमण्यासारखे नव्हते. खिडकीशी टेबल लावले, उजेड डावीकडून येईल असे, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. दिवेलागणीनंतर सुई बंद. पूर्ण वाकळ ओली झाली की दोन माणसांना उचलत नाही; सुकी असतानाही म्हाताऱ्या मांडीला ती जड होते. म्हणून तान्ह्या बाळाचे दुपटे करायचे ठरले, साधारण तीन फूट लांबी-रुंदीचे. सुई मोठ्या नेढ्याची घेतली. तरीही दोरा ओवणे तिला जमेना. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी हात कापतो. मी रोज सकाळी आठ-दहा सुयांत दोरे ओवून त्या उशीला टोचून ठेवू लागलो. बोटात अंगुस्तान घातले, तर तिने काढून टाकले. तो हट्ट तिचाच चालला. वीस-पंचवीस मिनिटे झाली की उठून अंगणात एक फेरी, हे मात्र तिने ऐकले.

थोडक्यात, जे हाताला आणि डोळ्याला जड होते ते आम्ही काढून घेतले. रंग आणि मांडणी यांत बोट घालायचे नाही, असे माझ्या पत्नीने पहिल्याच दिवशी बजावले. हे वाटते तितके सोपे नाही. म्हातारे माणूस तुकडे मांडते, मोडते, पुन्हा मांडते, आणि पाहणाऱ्याची जीभ शिवशिवते.

2020च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस, माणसे घरात कोंडलेली, आणि दूरचित्रवाणीवर आमच्या जिल्ह्याचे तळे. उल्कापाताने झालेले ते विवर, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे, मायच्या लहानपणीचे. काठावरून हिरवे दिसणारे त्याचे खारे पाणी तिच्या डोळ्यांत पक्के बसलेले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे सांगितले. पाणी आटले, खारेपणा वाढला, की ते फोफावतात. मायला हे कारण वाचून दाखवले. तिने ते ऐकून घेतले आणि विचारले, “मंग हिरवं आता नाईच राहिलं का?”

दुसऱ्या दिवशी टेबलावरचे दुपटे तिने उसवले. मध्ये चौकोनी ठिगळ होते, ते काढले. “गुलाबी तुकडा आन. गोल पाह्यजे,” म्हणाली. घरात गुलाबी सुती कापड नव्हते. पत्नीच्या जुन्या परकराचा रंग धुऊन-धुऊन फिका झाला होता. तो मायने पसंत केला. वाटी ठेवून गोल आखला, लहान वाटला. ताटली ठेवून आखला, तो बरोबर झाला.

आता, वाकळीत गोल नसतो. मायने उभ्या आयुष्यात चौकोन, पट्ट्या आणि फार तर त्रिकोण लावले होते. सरळ कड दुमडता येते. गोल कड दुमडली की कापडाला चुण्या पडतात. पहिल्यांदा तो गोल बटाट्यासारखा झाला. तिने उसवला. दुसऱ्यांदा एका बाजूने फुगला. उसवला. मग ती एक सबंध दुपार नुसती बसून राहिली आणि संध्याकाळी कात्री मागून घेतली. कडेला लहान-लहान चिरा दिल्या, म्हणजे दुमडताना कापड मोकळे होते. ही युक्ती शिंप्यांना ठाऊक असते. मायला ती कोणी शिकवलेली नव्हती. त्या दिवशी ती रात्री जेवताना बराच वेळ बोलत होती. तळ्याबद्दल, दैत्यसूदनाच्या देवळाबद्दल, गोमुखाच्या धारेखाली आंघोळ करताना हरवलेल्या बांगडीबद्दल. गुलाबी गोलाभोवती तिने हिरव्या लुगड्याची एक कड लावली. “हे आधीचं पानी,” असे तिने स्पष्टीकरण दिले.

नंतर वाचनात आले की अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातील डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषयाला लागून एक प्रयोग केला होता. तो 2014 साली प्रसिद्ध झाला. 60 ते 90 वयाची 221 माणसे. काहींना तीन महिने गोधडीकाम शिकवले, काहींना डिजिटल छायाचित्रण, काहींना दोन्ही. आठवड्याला सुमारे पंधरा तास. एका गटाला गप्पागोष्टी, सहली असे हलके कार्यक्रम दिले, आणखी एका गटाला घरी बसून करायचे सोपे विरंगुळे. नवे कौशल्य कष्टाने शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारली. नुसत्या मनोरंजनाने तेवढे घडले नाही. यात एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. सर्वाधिक लाभ छायाचित्रण शिकणाऱ्यांत दिसला, गोधडीवाल्यांत त्याहून कमी. तेव्हा सुई-दोऱ्याला औषधाचा मान देण्याचे कारण नाही. महत्त्व नवे शिकण्याला आहे. ज्या बाईने आयुष्यभर वाकळी शिवल्या, तिला पुन्हा तेच सरळ टाके घालायला देणे म्हणजे विरंगुळा. तिच्यासमोर एक गोल ठेवणे ही वेगळी गोष्ट. आमच्याकडे तो गोल लोणारच्या तळ्याने ठेवला, हे आमचे भाग्य.

माझी पुतणी पुण्याला असते. आजीचे दुपटे पाहून ती मोबाइलवर जगभरच्या गोधड्यांची छायाचित्रे पाठवू लागली. त्यांत अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या होत्या. शेतावर घालून फाटलेल्या विजारी, त्यांचे निळे-करडे पट्टे, एकही रेघ सरळ नाही. 2002 साली त्यांचे प्रदर्शन ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भरले. 2006 साली त्यांवर टपाल तिकिटे निघाली. मायने ती छायाचित्रे बोटाने मोठी करून पाहिली. “हे तं आपल्यावानीच वाकडं हाय! याचे फोटो काढतात?” मग थोड्या वेळाने, गंभीरपणे: “रंग मात्र चांगला धरला तिनं.” एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला दिलेली ती दाद होती.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांच्या गोधड्याही तिने पाहिल्या. त्याही कडेपासून आत शिवत जातात आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या दुमडलेल्या पाकळ्या लावतात. मायने पुढच्या दुपट्याला पाकळ्या लावल्या. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी सचित्र पुस्तक सिद्ध केले आहे, आणि ते एका फ्रेंच प्रकाशकाने काढले. आपल्या माळ्यावरच्या वस्तूची बूज परक्यांनी राखावी, याचा आनंद मानावा की खंत करावी, मला ठरवता येत नाही.

आता शहरांतून अनेक जणी नव्याने गोधड्या करतात. नवे इकत, नवे कलमकारी कापड आणून, मोजून कापून, फार सुरेख करतात. पूर्वी जे हाताशी होते त्यातून रचना सुचे. आता रचना आधी सुचते आणि कापड शोधावे लागते. जुनी सुती लुगडी तर संपतच आली. कृत्रिम धाग्याच्या साड्या सुईखालून निसटतात, आणि कितीही वापरल्या तरी त्यांना जुन्या सुताचा मऊपणा येत नाही. घरात एखादे सुती लुगडे उरले असेल, तर ते भांडीवालीला देण्यापूर्वी घरातल्या ज्येष्ठ बाईला एकदा विचारावे.

2023पासून मायचे विसरणे वाढले. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा, औषध घेतल्याचे स्मरण नाही, आणि एकदा तर ती स्वतःच्या घराच्या दारात उभी राहून घर विचारू लागली. डॉक्टरांनी तपासण्या करून स्मृतिभ्रंशाचे निदान केले. तीन वर्षे दुपटी शिवूनही ते टळले नाही, हे लिहायलाच हवे. एरवी हा लेख वाचून कोणी नको ती आशा धरील.

सुई प्रथम आम्ही मोजू लागलो: काम सुरू करताना किती, संपवताना किती. मला मधुमेह आहे आणि तळपाय काहीसे बधिर; जमिनीवर पडलेली सुई पायात गेली तर मला कळणारही नाही. ज्या घरात मधुमेही आहे तिथे ही मोजणी अंगवळणी पाडावीच. पुढे माय सुई तोंडात धरू लागली, तेव्हा सुई थांबली. तिच्यादेखत डबा उचलून नेला नाही. “माय, आता टाके मी घालतो, तू सांग,” असे म्हटले. ती मान्य झाली. मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो, शिवण कधी केली नव्हती. माझे टाके पाहून ती अजून हसते.

परदेशांत स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी मांडीवर घ्यायच्या लहान गोधड्या करतात. त्यांवर बटणे, नाडी, चेन, खिसा, खडबडीत-मऊ कापडाचे तुकडे लावलेले असतात. अस्वस्थ हातांना चाळा मिळतो. पुतणीने तशी एक आजीसाठी करून आणली. बटणे पक्की, कोणतीही तोंडात जाणार नाही अशी शिवलेली. मायला चेनचे काही वाटले नाही. तिला आवडला तो खिसा. त्यात ती चिंध्या ठेवते, काढते, रंग लावते. लाल लालाशी, हिरवा हिरव्याशी. काही दिवशी हिरव्याशेजारी गुलाबी ठेवते आणि बराच वेळ पाहत राहते.

गेल्या महिन्यात भावाच्या नातवासाठी दुपटे घेतले. वडिलांच्या धोतरांपैकी शेवटचे अस्तराला लावले. वरच्या पदरासाठी मी तीन तुकडे तिच्यासमोर ठेवले: पिवळा, निळा, पांढरा. दोनपेक्षा जास्त पर्याय तिला आता गोंधळात टाकतात, म्हणून पांढरा काढून घेणार होतो. तिने माझ्या आधीच तो बाजूला सारला. “लेकराच्या अंगावर पांढरं कायले?” मग पिवळा उचलून निळ्यावर ठेवला, थोडा तिरपा केला आणि हात काढून घेतला. मी तो सरळ करायला गेलो, तर तिने माझ्या मनगटावर चापटी मारली. तो तिरपाच शिवला आहे.