निवृत्त साहेबांचा फोन अजून वाजतोय

वस्तीतल्या मुलींच्या शिष्यवृत्तीवर रेडिओवर चर्चा व्हावी म्हणून एका केंद्राच्या यादीतला कार्यक्रम अधिकाऱ्यांचा नंबर लावला. पलीकडचे गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो ताई, मला रिटायर होऊन तीन वर्षं झाली!"

मित्रांनो, हसण्यावारी नेऊ नका. माहितीचा अधिकार कायदा, २००५ चं कलम ४(१)(ख) वाचा. सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबींत नववी आहे अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका, दहावी त्यांचं मासिक वेतन. दरवर्षी अद्ययावत करायची. ज्या आकाशवाणीवरून ३ ऑक्टोबर १९५४ ला बाबासाहेब बोलले, ती चालवणारी प्रसार भारतीही याच कायद्याखाली येते.

आमचेच कार्यकर्ते विचारतात, "आंदोलनं सोडून फोन नंबरांच्या मागे कुठं लागलीस?" अरे, निवृत्त आणि बदली झालेली माणसं यादीत तशीच राहिली, की पद भरलेलं दिसतं. रिकामी राखीव जागा त्या नावाखाली झाकली जाते. मग बिंदुनामावली ताडून बघणार कशाशी? आणि ज्यांचा आवाज आपण ऐकतो त्या नैमित्तिक उद्घोषकांना तर अशा यादीत जागाच नसते.

कुणाचा घरचा पत्ता किंवा जात तिथे नको, हेही सांगते. पदनाम, विभाग, कार्यालयाचा नंबर पुरे.

दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून अर्ज केलाय. विचारलंय एवढंच: मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि यादी शेवटची कधी दुरुस्त केली? तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील तयार आहे.