शेपटीला बीपीचा पट्टा



नुकतीच व्यालेली गाय बसली, मान पोटाकडे वळवली, कान थंड लागले की आपण म्हणतो दुग्धज्वर. नावात ज्वर आहे, पण अंग उलट गार पडतं. रक्तातलं कॅल्शियम चिकात निघून जातं. पायांबरोबर हृदयाचाही जोर कमी होतो आणि रक्तदाब उतरतो. नाडी बारीक लागते, पण दाब नेमका किती उतरला ते हाताला कळत नाही.

गेल्या आठवड्यात आमची तिसऱ्या वेताची संकरित गाय अशीच बसली. डॉक्टरांनी बॅगेतून हातात मावणारं बीपीचं यंत्र काढलं आणि शेपटीच्या मुळाशी पट्टा बांधला. शेपटीखाली जिथं आपण नाडी बघतो, तीच धमनी. पाच वेळा दाब घेतला, पहिला आकडा सोडून बाकीच्यांची सरासरी काढली. मधला दाब 62.

थोरला भाऊ म्हणाला, "डॉक्टर, बाटली जरा मोकळी सोडा की, गाय हातची जाईल."

"दादा, कॅल्शियम घाईनं शिरेत गेलं तर हृदयच थांबतं. मग खरंच हातची जाईल."

एका हातात बाटली, कानाला स्टेथोस्कोप. ठोका चुकला की सलाईन बंद, परत हळू चालू. अर्ध्या बाटलीत गाय थरथरली, ढेकर दिली, शेण टाकलं. शेवटी दाब 85. तासाभरात उठली.

डॉक्टरांकडून कळलेलं:

• पट्ट्याची रुंदी शेपटीच्या घेराच्या साधारण 40 टक्के हवी. अरुंद पट्टा आकडा फुगवतो, रुंद पट्टा कमी दाखवतो.
• उभ्या गाईत शेपटीचं मूळ हृदयाच्या वर असतं. दर 10 सेंमीला आकडा 7-8 नं कमी येतो.
• यंत्राची नाडी आणि स्टेथोस्कोपची नाडी जुळली नाही तर तो आकडा धरायचा नाही.
• शेपूट हलली की परत मोजायचं.
• ठोका चुकतोय हे यंत्र नीट सांगत नाही. त्यासाठी कानच.

सिझर किंवा पोटाच्या ऑपरेशनला जनावर आडवं पाडलं की पोटाच्या भारानं मोठी शीर दाबली जाते, गुंगीच्या औषधानंही दाब पडतो. तिथं तर हे यंत्र जवळ असायलाच हवं.

तुमच्या भागातल्या डॉक्टरांकडे आहे का? अनुभव लिहा.