कितवा दिवस?

रक्त तपासले म्हणजे शरीराचे सारे गुपित उलगडले, अशी एक समजूत आपल्या घरांतून रूढ आहे. हिमोग्लोबिनच्या बाबतीत ती पुष्कळशी चालून जाते. स्त्रीच्या संप्रेरकांच्या बाबतीत मात्र ती फसवी ठरते. कारण ही संप्रेरके भरती-ओहोटीप्रमाणे महिनाभर चढत-उतरत असतात. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहून ‘येथे पाणीच नाही’ असे म्हणावे, तसा काहीसा प्रकार होतो.

माझ्या भाचीच्या हाती असाच एक अहवाल पडला. लग्नाला तीन वर्षे झालेली, पाळणा हललेला नाही, सासरच्या ओटीवर कुजबुज सुरू झालेली. एका दवाखान्याने तिला पाळीच्या एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन तपासण्यास सांगितले. आकडा १ च्याही आत आला आणि ‘बीज सुटत नाही’ असा निर्णय सांगण्यात आला. “मावशी, दोष माझ्यातच आहे,” एवढेच ती म्हणाली.

वस्तुतः एकविसावा दिवस हा काही शास्त्रवचन नव्हे. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढत जाते आणि पुढील पाळीच्या सुमारे सात दिवस अगोदर शिगेला पोहोचते. २८ दिवसांच्या चक्रात तो दिवस एकविसावा येतो. भाचीचे चक्र ३५ दिवसांचे, म्हणजे तिचा दिवस अठ्ठाविसावा. एकविसाव्या दिवशी तिचे बीज सुटण्याच्या बेतात असणार! हा हिशेब तिच्या वहीत लिहिलेलाच होता. विवाहपूर्व शिबिरात शिकवलेली बिलिंग्ज पद्धतीची नोंद ती नेमाने ठेवी. दवाखान्यात मात्र ती वही कोणी मागितली नाही.

या पद्धतीकडे आपल्यातील सुशिक्षितही ‘फादरांची पद्धत’ म्हणून किंचित हसून पाहतात. ते योग्य नव्हे. मेलबर्नचे डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी १९५३ मध्ये हे काम हाती घेतले; पुढे त्यांच्या पत्नी डॉ. एव्हलिन त्यात सहभागी झाल्या. प्रा. जेम्स ब्राऊन यांनी लघवीतील इस्ट्रोजेन मोजण्याची रीत १९५५ मध्ये प्रसिद्ध केली होती. स्रावावरून स्त्रियांनी केलेल्या नोंदी आणि संप्रेरकांचे मोजमाप यांचा मेळ बसतो, हे या मंडळींनी १९७२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. म्हणजे प्रयोगशाळा आणि वही या परस्परांच्या सवती नव्हेत.

तपासणीची निवड प्रश्नावरून करावी लागते. बीजकोशातील बीजांच्या साठ्याचा अंदाज हवा असेल, तर एफएसएच आणि इस्ट्राडिओल पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासतात. थायरॉईडसाठी दिवस पाहावा लागत नाही. लघवीच्या पट्ट्या बीज सुटण्याच्या सुमारे एक-दीड दिवस आधीची एलएचची उसळी दाखवतात. परंतु पीसीओएस असलेल्या स्त्रीत एलएच एरवीच चढे असू शकते आणि पट्टी चकवते. घरबसल्या लाळ तपासण्याचे संचही विकले जातात. केवळ त्यांच्या आधारे औषध सुरू करणे मला धोक्याचे वाटते. शिवाय केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलींनी ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. त्या गोळ्यांनी रक्ताचे काही अहवाल चुकीचे येतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्या भगिनींना तर पाळी जाण्याची चाहूल लागली आहे काय, हे ठरवण्यासाठी बहुधा रक्त द्यावेच लागत नाही. लक्षणे पुरेशी असतात. वीस-पंचवीस तपासण्यांची स्वस्त ‘पॅकेजे’ यांतले काहीच विचारत नाहीत.

मी भाचीला एका वयस्क डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी आधी वही मागितली, पाने उलटली आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा रक्त घ्यायला सांगितले. यावेळी आकडा ११ आला. ३ च्या वर असला तरी बीज सुटल्याचे मानतात, असे त्या म्हणाल्या, आणि लगेच विचारले, “यजमानांची तपासणी झाली का?”

तीन वर्षांत ती कोणी सुचवलीच नव्हती. घरी हे सांगितल्यावर भाचीच्या सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, “जा रे बाबा, उद्याच जाऊन ये.”