पश्चिमेची भिंत

नागपूरच्या घराची खरी परीक्षा नवतपात होते. बाहेर डांबर मऊ पडलेले, कडुलिंबाची सावलीसुद्धा खोडाला बिलगून उभी, आणि अशा भर दुपारी धंतोलीतल्या आमच्या घराचा जड दरवाजा लोटून आत पाऊल टाकले की आधी डोळ्यांपुढे अंधारी येई, मग तळव्यांना शहाबादी फरशीचा गारवा कळे, मग पाण्याने निथळणाऱ्या वाळ्याच्या तट्ट्यांचा ओला, मातकट, ओंजळीत धरून प्यावासा वाटणारा वास छातीत भरून जाई, आणि कितीतरी वेळाने, कोपऱ्याकोपऱ्याने, घर दिसू लागे.

आधी अंगाला, मग डोळ्यांना.

या वस्तीला क्रॅडॉक टाऊन म्हणणारी म्हातारी माणसे माझ्या लहानपणीही होती. मध्य प्रांताच्या एका चीफ कमिशनरचे ते नाव. महाल भागातल्या वाड्यांची दाटी सोडून वकील, डॉक्टर, मास्तर रेल्वेच्या रुळांपलीकडे इथे आले आणि राहण्याची तऱ्हाच उलटी झाली. वाड्यात अंगण घराच्या पोटात असे. इथे घर अंगणाच्या पोटात आले. आजोबा वकील. 2 जानेवारी 1936 रोजी नागपूरला हायकोर्ट मिळाले, आणि 1940 च्या जानेवारीत सिव्हिल लाइन्समधली त्याची घुमटाची दगडी इमारत उघडली. तिचा वास्तुकार हेन्री मेड नव्या दिल्लीत काम करून आलेला. आमच्या घराला वास्तुकार नव्हता, मिस्त्री होता. पण त्या मिस्त्रीला उन्हाची वाट पाठ होती. त्याने पूर्वेला खोल व्हरांडा काढला, वर कवेलू घातले, छत इतके उंच नेले की गरम हवा तिकडे जाऊन बसावी, आणि दोरी ओढली की उघडणारी झरोक्यांची झडप ठेवून तिला बाहेर जायला रस्ता करून दिला. चौकटी चांद्याच्या सागाच्या. पश्चिमेला मात्र त्याने एकही खिडकी ठेवली नाही. दुप्पट जाडीची, चुन्यातली, आंधळी भिंत. सगळ्या घराचे ऊन तिने एकटीने घ्यायचे.

त्या भिंतीला पाठ लावून स्वयंपाकघर होते.

हे मला फार उशिरा दिसले. गारवा घरात सगळीकडे सारखा नव्हता. तो मानाप्रमाणे वाटलेला होता. ईशान्येला आजोबांची कचेरी, तिथे पक्षकारांचे घामसुद्धा वाळून जात. मग बैठक, मग माजघर, आणि शेवटी, चुलीची धग आणि सूर्याची धग यांच्या मध्ये, आजी. जाड भिंतीचा एक स्वभाव असतो. दुपारचे ऊन ती लगेच आत सोडत नाही, जिरवते, धरून ठेवते, आणि संध्याकाळी, आजी रात्रीच्या भाकरीचे पीठ मळायला बसली की सावकाश परत करू लागते. रात्री दहाला हात लावला तरी तापाच्या माणसाचे कपाळ चाचपावे तशी ती लागे.

आजीने तिच्याशी तडजोड केली होती. भिंतीत एक कोनाडा होता, कडा बोटांनी गुळगुळीत झालेल्या. थंडीत विरजण लागेना की दुधाचा गंज ती त्यात ठेवी, वर पितळी ताटली, ताटलीवर घडी घातलेले जुने नऊवारीचे फडके. सकाळी दही सुरीने कापावे असे लागलेले असे. डिसेंबरात आम्ही पोरे त्या भिंतीला पाठी टेकून ओळीने बसायचो. उन्हाळाभर आजीला छळणारी भिंत हिवाळ्यात तिचीच होऊन जाई.

कागदावर ती आजोबांच्या हयातीत तिची कधीच नव्हती. भाऊ घर पाडून तिथे दवाखान्याची इमारत उभी करतो आहे. धंतोलीत आता दवाखानेच जास्त. त्यासाठी काढलेली आखीव पत्रिका त्याने माझ्यासमोर ठेवली. जमीन नझूलची, म्हणजे सरकारची. आजोबा मालकसुद्धा नव्हेत, पट्टेदार. त्यांच्या नावावर रेघ, पुढे ‘मयत’, खाली वारसांची नावे. त्यात आजी पहिल्यांदा आणि शेवटची उगवते. हे शहरच एकदा वारसापायी हातचे गेलेले आहे. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघुजी भोसले वारले, पोटी मुलगा नाही म्हणून डलहौसीने राज्य खालसा केले. बाकाबाई आणि इतर राण्यांनी विनवण्या केल्या, वकील धाडले, काही चालले नाही. शंभरेक वर्षांनी, 1956 साली, नागपूरची राजधानी गेली, आणि त्याच सालच्या कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा आला.

आत्याने तो घेतला नाही. हक्कसोडपत्रावर सही करून ती त्याच पावली स्वयंपाकघरात येऊन कुरड्यांचा चीक ढवळायला बसली होती. ‘माहेरी येणं तुटू नये म्हणून केली गं,’ ती मला एकदा म्हणाली. ‘घर का मी डोक्यावर घेऊन जाणार होती?’ चीक चुलीवर रटरटत होता, भिंत तापलेली होती, आणि बैठकीत पुरुषमंडळी वाळ्याच्या वाऱ्यात निजली होती.

आता सहीची पाळी माझी. भावाने नव्या इमारतीचा नकाशा पसरला. पश्चिमेला काच आहे, खालपासून वरपर्यंत. काचेतून येणारे ऊन यंत्रे बाहेर फेकतील, आणि त्यांची तोंडे मागच्या गल्लीकडे. याच गल्लीत एक दिवस पेशंटचे नातेवाईक डबे हातात धरून उभे राहणार, गावाकडून आलेल्या बाया भिंतीच्या कडेला टेकणार. आतला गारवा राखायचा तर ऊन कुणाच्या तरी अंगावर ढकलावेच लागते, हे त्या मिस्त्रीला ठाऊक होते, या नकाशालाही ठाऊक आहे. ज्यांनी ते सोसायचे त्यांची नावे मात्र आखीव पत्रिकेत आली तर फार उशिरा, नकाशात तर नाहीतच.

मी त्या गल्लीवर बोट ठेवले. ‘इथे लांब पडवी काढ. कवेलू घाल, बाकं ठेव, दोन माठ ठेव.’

‘एफएसआयमध्ये बसते का ते पाहावं लागेल, ताई.’

‘पाहा,’ मी म्हटले. ‘माझी सही त्यानंतर.’