धुताना कळतं का?

कंबर धरलेला माणूस दारात येण्याआधी त्याचं कण्हणं आत येतं. दोघांनी काखेत धरलेलं असतं, एक हात भिंतीला, कपाळावर घाम. बाकावरचे लोक आपणहून सरकतात. तापाचं पोर मांडीवर घेतलेली आईसुद्धा म्हणते, आधी यांना बघा. वेदना खरीच असते. उसण भरली की पाठीचे स्नायू असे आखडतात की साधा खोकला आला तरी जीव कळवळतो. पण वेदना किती आहे यावरून धोका किती आहे हे कळत नाही. साखर कारखान्याच्या रस्त्यावरच्या या दवाखान्यात कंबरदुखीचे पेशंट बघता बघता माझं एक मत पक्कं झालं आहे. रातोरात पुढे पाठवायचा पेशंट ओळखायचा असेल, तर दुखण्याबरोबर आणखी काय आलंय ते बघावं लागतं. आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं जे असतं, ते पेशंट स्वतःहून जवळपास कधीच सांगत नाही.

ओरडत आलेल्यांपैकी बहुतेकांना तातडीचं काही नसतं. वाकून पोतं उचललं, विहिरीवर मोटर ओढली, कधी तर फक्त शिंक आली आणि चमक निघाली. मी त्यांना आडवं करते. पाय सरळ ठेवून हळूहळू वर उचलते. नस दबलेली असेल तर कळ मांडीमागून पोटरीत उतरते. मग पायाच्या अंगठ्यावर माझं बोट दाबून धरते आणि सांगते, अंगठा डोक्याकडे ओढा, मला जिंकू देऊ नका. उभं राहता येत असेल तर टाचांवर चार पावलं, चवड्यांवर चार पावलं. कंबरेच्या पाचव्या मणक्यापाशी दबलेली नस टाचेवर चालू देत नाही, तिच्या खालची चवड्यावर उभं राहू देत नाही. आणखी एक गोष्ट मी विचारते: चालताना चप्पल पायातून आपोआप निसटते का? अंगठ्याचा जोर गेल्याचं पेशंटला कळलेलं नसतं, पण रस्त्यात मागे राहिलेली चप्पल त्याला पक्की आठवते.

अंगठा जोरात आहे, ताप नाही, लघवी-संडास व्यवस्थित आहे, वय फार नाही, पडझड झालेली नाही, असं असेल तर माणूस कितीही कण्हत असला तरी मी निर्धास्त असते. गोळ्या देते, शेकायला सांगते आणि झोपून राहू नका, घरातल्या घरात चालत राहा, असं बजावते. बहुतेकांचं दुखणं काही दिवसांत उतरू लागतं, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं चार-सहा आठवड्यांत. खरी अडचण असते ती नातेवाइकांची समजूत घालण्याची. त्यांना लगेच एमआरआय हवा असतो, कारण शेजारच्याला ‘मणक्यात गॅप’ निघाली होती. १९९४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. त्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले होते, आणि ज्यांच्या मणक्यांमधल्या सगळ्या गाद्या ठाकठीक होत्या असे लोक एक तृतीयांशाहून थोडेच जास्त निघाले. म्हणजे धडधाकट माणसाच्या चित्रातही गादी फुगलेली दिसू शकते. हातात रिपोर्ट पडला की माणूस त्या दिवसापासून स्वतःला आजारी समजू लागतो, वाकायला भितो. मला याचं फार वाईट वाटतं.

आता तो न सांगितलेला भाग. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू पार खालपर्यंत जात नाही. कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो. त्याखाली असतो तो नसांचा झुपका. पायांना जोर देणाऱ्या नसा त्यात आहेत, तशाच लघवीची पिशवी आणि गुदद्वार सांभाळणाऱ्या, मांड्यांमधल्या जागेला स्पर्श कळवणाऱ्या नसाही आहेत. एखादी गादी मोठ्या प्रमाणात मागे सरकली आणि हा सगळा झुपका दाबला गेला, की कंबरेच्या साध्या दुखण्याचं रूपच बदलतं. पायातली कळ दोन्ही बाजूंना उतरते. सायकलच्या सीटवर अंगाचा जेवढा भाग टेकतो तेवढा बधिर होतो. लघवीची धार मंदावते, मग पिशवी भरल्याचंच कळेनासं होतं. आम्ही याला कॉडा इक्विना म्हणतो. इथे तास मोजायचे असतात. दोन दिवसांच्या आत, आणि त्यातही जितक्या लवकर, तो दाब ऑपरेशन करून काढावा लागतो. धार फक्त मंदावली असताना पोहोचलेल्या माणसाचं बरंच परत येतं. लघवी पूर्ण तुंबून गेल्यावर पोहोचलेल्याला पुढे कायमची नळी बाळगावी लागू शकते.

आणि या आजारात कधी कधी दुखणं कमी होतं. नस बधिर झाली की कळही थांबते. घरचे म्हणतात, औषध लागू पडलं.

सुरुवातीच्या वर्षांत मी पुस्तकातल्यासारखं विचारायची, लघवीचा काही त्रास? उत्तर ठरलेलं असायचं: नाही. ते खोटं नसायचं. लघवी होतच नसेल तर जळजळ नाही, वारंवार जाणं नाही. मग त्रास कसला? त्यामुळे आता मी वेगळं विचारते. शेवटची लघवी कधी झाली? धार नेहमीसारखी होती की जोर करावा लागला? सुरू झाल्याचं आणि संपल्याचं कळलं का? आणि शेवटी, आवाज खाली आणून: संडासनंतर धुताना पाणी गार लागतं का, हात लागलेला कळतो का? या प्रश्नावर खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. पुरुष माझ्याकडे बघायचं टाळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो, बाई पदर तोंडाला लावते. सासूसमोर, मुलासमोर, भावासमोर कुणी याचं उत्तर देत नाही, म्हणून बरोबरच्या सगळ्यांना मी आधीच बाहेर बसवते. पुरुष पेशंट फारच अवघडला तर माझे कंपाउंडर हेच प्रश्न याच शब्दांत विचारतात. लाज वाटते हे मला समजतं. पण या लाजेपायी माणूस आयुष्यभरासाठी अधू होऊ शकतो, म्हणून तेवढ्यापुरती मी ती मानत नाही.

एका गळीत हंगामात ऊसतोडीला आलेली एक बाई संध्याकाळी कोपीवरून आली होती. बीडकडची, तिशीच्या आतली. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना कंबरेत काहीतरी मोडल्यासारखं झालं, हे आदल्या दिवशीचं. दिवसभर तशीच तोडत राहिली, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं खाडा केला तर दोघांच्या हिशेबातून पैसे कापले जातात. आता दोन्ही पोटऱ्यांत मुंग्या होत्या. लघवी कधी झाली, विचारलं तर म्हणाली, ‘सकाळी अंधारात गेले होते की.’ घड्याळात सात वाजत होते. तिला यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. फडात आडोसा नसतो, म्हणून बायका दिवसभर पाणीच कमी पितात आणि अंधार पडेपर्यंत थांबतात. तिच्यासाठी बारा तास न जाणं हा रोजचाच दिवस होता. तिला विचारायचा प्रश्न पुस्तकात नव्हता. मी म्हटलं, ‘ताई, रोज या वेळेला कोपीवर आलं की पळत जावं लागत असेल ना? आज तशी लागली का?’ ती थबकली. ‘न्हाई मॅडम. आज लागलीच न्हाई.’

बेंबीखाली एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकलं. आतडी असतात तिथे पोकळ आवाज येतो. तिच्या पोटात बेंबीपर्यंत भरीव आवाज येत होता. तिथे तळहाताने दाबलं. पिशवी एवढी भरलेली असताना माणूस कळवळून हात ढकलतो. ती शांतपणे छताकडे बघत होती. सिस्टरांना जवळ उभं करून, पडदा ओढून, कापसाचा बोळा आणि बोथट टाचणीने मांड्यांच्या आतल्या बाजू तपासल्या. गुडघ्यापाशी तिला टोचलेलं कळत होतं, वर सरकत गेलं तसं कळेनासं झालं. नळी घातली, लिटरभर लघवी उतरली.

नवरा दारात उभा होता. ‘सकाळी नेलं तर चालंल का? मुकादमाला सांगावं लागंल.’ त्याच्या डोक्यात उचल होती, कोपीत झोपलेलं लेकरू होतं. मी त्याला सरळ सांगितलं, ‘दादा, ही आत्ता गेली तर चालत परत येईल. सकाळी गेली तर मला सांगता येत नाही.’ मुकादमाशी मी स्वतः फोनवर बोलले. १०८ आली. चिठ्ठीवर मी औषधांच्या आधी दोन वेळा ठळक लिहिल्या: शेवटची नेहमीसारखी लघवी कधी झाली, आणि बधिरपणा कधी लक्षात आला. पुढच्या डॉक्टरला सर्वांत आधी हेच हवं असतं. पहाटेपर्यंत तिचा एमआरआय झाला, सकाळी ऑपरेशन. हंगाम संपताना ती भेटायला आली तेव्हा चालत होती, लघवी होत होती, डाव्या पायाची दोन बोटं मात्र अजून बधिर होती. तिने मोळी पुन्हा उचलली की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दुसरं दुखणं याच्या अगदी उलट चालीचं. त्यात आरडाओरडा नसतो. माणूस महिना-दोन महिने गोळ्या खात राहतो. दिवसभर कामात बरं असतं, रात्री कुशीवर वळताना जाग येते. संध्याकाळी अंगात कसर असते. कपडे ढिले झालेले असतात आणि ते कष्टानं झालं असं घरात ठरलेलं असतं. अशाला मी पालथं झोपवून मुठीने एकेक मणका हलके ठोकत खाली येते. एका ठिकाणी, फक्त त्याच ठिकाणी, तो दचकतो. मणक्याच्या क्षयाचा संशय आणणारी ही खूण हाताखाली लागली की मी क्षणभर थांबते. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली या आजाराचं वर्णन केलं, आणि आपल्याकडे तो आजही भरपूर आहे. त्याची औषधं सरकारकडून फुकट मिळतात, ती महिनोन्‌महिने घ्यावी लागतात आणि बहुतेक लोक बरे होतात. याला आज रात्रीच हलवायचं नसतं, पण या आठवड्यात तपासायचं असतंच. मात्र पाय जड पडू लागले, चालताना गुडघे दुमडू लागले, तर तोही त्याच रात्रीचा पेशंट. रात्रीचं दुखणं आणि उतरलेलं वजन ही जोडी कॅन्सरचीही असते. स्तनाचा, प्रोस्टेटचा, फुप्फुसाचा कॅन्सर मणक्यात जाऊन बसतो. म्हणून पूर्वी कधी गाठ काढली होती का, हे मी दर वेळी विचारते.

सगळीच पाठदुखी पाठीतली नसते. कण्याचं दुखणं असलेला माणूस सापडलेल्या एका कुशीवर दगडासारखा पडून राहतो, हललं की मारतं म्हणून. मूतखड्याचा माणूस एका जागी थांबूच शकत नाही. उठतो, बसतो, टेबलाच्या कडेला लटकतो. मूतखडा सकाळपर्यंत थांबू शकतो, पण बरोबर हुडहुडी भरून ताप आला तर नाही. मधुमेह्याची कंबर तापासकट दुखत असेल तर कण्यात पू झाल्याचा संशय धरावा लागतो. आणि साठी ओलांडलेला, वर्षानुवर्षं विडी ओढलेला माणूस आयुष्यात कधी कंबर दुखली नसताना एकाएकी पाठ-पोट दुखतंय म्हणतो, चक्कर येऊन बसतो, तेव्हा माझा हात आधी त्याच्या पोटावर जातो. पोटातली मोठी रोहिणी फुगून फुटायच्या बेतात असू शकते. अल्बर्ट आइन्स्टाईन १९५५ साली याच आजाराने गेले. अशा माणसाला मणक्याचं इंजेक्शन देत बसण्यात एक मिनिटही घालवू नये. छाती भरून येऊन पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध दुखत असेल, तर आधी हृदयाचा आलेख काढायचा.

म्हाताऱ्या बायकांबद्दल मात्र थोडं थांबून सांगायलाच हवं. गावात उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेतात. तरण्याताठ्याची उसण त्याशिवायही गेली असती, म्हणून मी फार वाद घालत नाही. पण सत्तरीच्या आजीला नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून गतिरोधकावर दणका बसला आणि तेव्हापासून पाठ दुखतेय, तर तिचा मणका चेपलेला असण्याची दाट शक्यता असते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांची हाडं तर आणखी पोकळ. कशापासून केल्या हे न सांगता मिळणाऱ्या पुड्यांमध्येही ते असू शकतं. त्या पाठीवर लाथ मारू नका, जोरात चोळू नका, कुणाला मणका ‘बसवू’ देऊ नका. आधी एक्स-रे काढा. हे मी हात जोडून सांगते.

दोन हंगामांपासून आमच्या भागातल्या आशाताईंना आणि कोपीवर जाणाऱ्या नर्सना मी हेच सांगत आले आहे. त्यांना मी आजारांची नावं पाठ करायला लावत नाही. अंगठा वर ओढायला लावा, ताप बघा, चप्पल निसटते का विचारा, आणि लघवीचा आणि धुतानाचा हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय गोळी देऊन परत येऊ नका, एवढंच. पहिल्या बैठकीत त्या प्रश्नांवर सगळ्याजणी हसल्या, मग एकमेकींना विचारून बघितलं, मग हसू ओसरलं. गेल्या पौषात एकीचा रात्री साडेनऊला फोन आला. नाव-गाव सांगण्याआधी ती भराभर म्हणाली, ‘मॅडम, ताप नाही, अंगठा थोडा ढिला आहे, दोन्ही पायांत कळ आहे, आणि धुताना कळत नाही म्हणते.’ मी तिला म्हटलं, १०८ लाव, पेशंटला पाणी-जेवण काही देऊ नकोस, पुढच्या दवाखान्यात मी फोन करते.