छडी गेली, घंटाही गेली

आम्ही नागपूरच्या इतवारीतले पोट्टे वर्गात बसायचो ते नाइलाजाने. बाहेर किराणा ओळीत हातगाडी अडली, की अर्धा वर्ग खिडकीत. मग गुरुजींचा आवाज, "हात पुढे!" तळहातावर डोक्याचा केस ठेवला की छडी मोडते, असा आमचा पक्का समज, छडी कधी मोडली नाही, केस मात्र बरेच गेले. घरी सांगायची सोय नव्हती. तिथे दुसरा हप्ता तयार असायचा.

आता हात पुढे करावा लागत नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम 17ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली आणि 1 एप्रिल 2010पासून ती लागू झाली. दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मिरवणुकीतल्या मारबतीच्या पुतळ्याला गुरुजींची छडी घेऊन जायला ओरडून सांगायचो. तिला न जमलेलं काम संसदेनं केलं.

पण गुरुजींकडे छडीखेरीज आणखी एक चीज होती. व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा आणि त्यावर हाणायचा लोखंडी दांडा. सगळ्यांत उपद्व्यापी पोट्ट्याला ते एक दिवस म्हणायचे, "उद्यापासून घंटा तू द्यायची." पोट्टा वेळेआधी शाळेत हजर! दहा मिनिटं उरली की त्याची नजर घड्याळावर, हात मांडीवर, आणि खोड्या काढायला सवड नाही.

नातवाच्या शाळेत घंटा विजेवर आपोआप वाजते. त्याच्या बाई मात्र "शहाणा हो" असं मोघम बोलत नाहीत. "आज तू हात वर करून बोललास," असं नेमकं सांगतात. चुळबुळ वाढली की वह्या वाटायला उठवतात. तो कधी बिथरतो, त्याआधी काय घडलं, याची नोंद ठेवतात. परवा वहीवर चांदणी घेऊन आला. कशाबद्दल? "आज कोणालेच ढकललं नाही." न केलेल्या कामाचं बक्षीस आमच्या हिशेबात बसेना!

तसं पाहिलं तर, खोडकर पोराला जबाबदारी द्यावी हे गुरुजींना प्रशिक्षणाशिवाय ठाऊक होतं. पण घंटा मिळायची दुकानदाराच्या पोराला. हमालाच्या पोराला त्याच खोडीबद्दल छडी. बाईंच्या वर्गात वह्या वाटायची पाळी सगळ्यांवर येते.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आम्ही छाती फुगवून म्हणतो, "छडीनंच घडलो." छडीपायी चौथीतच शाळा सोडलेले त्या मेळाव्याला येत नाहीत, म्हणून आमचं म्हणणं दरवर्षी एकमतानं मंजूर होतं.